मागचं जहाज कोणतं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्यात आपल्या कारध्याचं नाव सगळ्या भंडारा जिल्ह्यात रोज घेतलं जातं. वैनगंगा चढायला लागली की जो तो विचारतो, "कारध्याला पाणी किती?" पुलापाशी कोणीतरी आकडा वाचतं, वहीत लिहितं, वर कळवतं. त्या वहीचा विचार आपण करत नाही. पण २०२० च्या ऑगस्टअखेर पूर आला तेव्हा पाणी नेमकं कुठपर्यंत होतं, यावर आजही पारावर दोन मतं पडतात. एक म्हणतो देवळाच्या पायरीला, दुसरा म्हणतो नाही, वरच्या ओट्याला. वही उघडली की भांडण मिटतं.

आज मी अशाच एका वहीबद्दल बोलणार आहे. ती नदीवरची नाही, समुद्रावरची आहे. तुम्ही म्हणाल, या बाईला झालंय काय? भंडाऱ्यात बसून समुद्राच्या गोष्टी! पण मला इथे अजून 'कोकणवाली' म्हणतात, ते विसरू नका. लग्न होऊन आले त्याला चाळीस वर्षं उलटली, शाळेत शिकवून निवृत्तही झाले, तरी नाव तेच. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. तिथलं पाणी अरबी समुद्राला जातं. सासरचं पाणी वैनगंगेतून प्राणहितेला, तिथून गोदावरीला आणि मग पलीकडे बंगालच्या उपसागराला. माहेर-सासरचं पाणी एकमेकांकडे पाठ करून वाहतं, असं मी गमतीनं म्हणते.

त्या २०२० च्या पुरात आमच्या मागच्या खोलीत पाणी शिरलं. लोखंडी पेटी खालीच होती. पाणी ओसरल्यावर उघडली तर लुगडी, लग्नाचा अल्बम, सगळं चिखल झालेलं. तळाशी मेणकापडात गुंडाळलेली एक पुस्तिका होती. माझ्या आजोबांची नळी. आईनं मरण्याआधी माझ्या हातात दिली होती आणि मी ती ठेवून विसरून गेले होते.

नळी म्हणजे काय ते सांगते. कोकणात जहाजावर जाणाऱ्या माणसाच्या नोकरीच्या पुस्तिकेला नळी म्हणतात. आमच्याकडचे जुने लोक सांगायचे की पूर्वी हे कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून हे नाव पडलं. प्रत्येक सफरीनंतर तिच्यात एक ओळ वाढायची. जहाजाचं नाव, कुठे चढला, कुठे उतरला, काम काय केलं. शेवटी दोन शिक्के, एक कामाचा आणि एक वागणुकीचा. दोन्हीकडे 'फार चांगला' असा शिक्का बसला की पुढचं जहाज मिळायची आशा. कप्तानानं मत द्यायला नकार दिला आणि तसं लिहिलं, की समजा वाईट शिक्काच बसला. वाईट काहीही न लिहिता माणसाची भाकरी जाई.

मी एकेक पान सोडवून बाजेवर वाळत घातलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर नदीतले गोटे ठेवले. शाई पसरली होती. पुढची पानं तर गेलीच होती. वाचता येणारा पहिला शिक्का १९२३ चा निघाला. पण घरात सगळे सांगायचे की आजोबा पहिल्या मोठ्या लढाईत, म्हणजे १९१४ ते १९१८ मध्ये, जहाजावर होते. मग आधीची नऊ-दहा वर्षं कुठे होते? कोणत्या जहाजावर? काय काम करत होते? माझे काका छाती फुगवून सांगायचे, "आमचे बाबा सारंग होते!" सारंग म्हणजे खलाशांचा मुख्य. आजी मात्र त्यावर गप्प राहायची.

माझा भाचा मुंबईत असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, त्या जहाजांच्या याद्या शिल्लक आहेत. शोधू या." तेव्हापासून आम्ही दोघं या नादाला लागलो.

आता ही यादी काय असते ते नीट सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. विलायतेत १८३५ साली कायदा झाला की व्यापारी जहाजाच्या कप्तानानं प्रत्येक माणसाशी लेखी करार करायचा आणि माणसांची यादी सरकारात जमा करायची. तेव्हा शिडाची जहाजं होती, वाऱ्यावर चालणारी. एकेक सफर वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं चाले. वाटेत कोणी पळून जाई, कोणी मरे, कोणी दवाखान्यात राही. यादीत त्या प्रत्येकाची ओळ असे. नाव, वय, जन्मगाव, काम, पगार, कुठे चढला, कुठे उतरला, का उतरला. सही येत नसेल तर फुली. आणि एक रकाना असे, मागचं जहाज कोणतं?

शोध घेणाऱ्याला हा रकाना म्हणजे किल्ली. नवी सून गावात आली की आपण पहिलं काय विचारतो? माहेर कोणतं? माहेर कळलं की मामाचं गाव कळतं, मावशी कुठे दिली ते कळतं, आणि शेवटी कुठून तरी आपलंच नातं निघतं. तसंच इथे. या यादीत मागच्या जहाजाचं नाव सापडलं की त्या जहाजाची यादी काढायची. तिथे त्याच नावाचा, एखाद्या वर्षाच्या फरकाचा, त्याच गावचा माणूस सापडला की त्याचंही मागचं जहाज मिळतं. असं एकेक पायरी मागे जायचं. ज्या माणसानं आयुष्यात एक पत्र लिहिलं नाही, त्याची वीस वर्षं अशी उभी करता येतात.

याचा एक खरा दाखला मुंबईचा आहे. १८८४ च्या एप्रिलात मुंबई बंदरात 'नार्सिसस' नावाच्या शिडाच्या जहाजावर एक तरुण पोलिश माणूस दुय्यम अधिकारी म्हणून चढला. तो पुढे जोसेफ कॉनरॅड या नावानं इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झाला. १८९७ साली त्यानं त्याच जहाजाच्या नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात एक काळा खलाशी आहे. तो आजारी पडतो आणि समुद्रातच मरतो. वाचणाऱ्यांना वाटायचं, लेखकानं मनानं रचलेला माणूस असेल. पुढे अभ्यासकांनी त्या सफरीची यादी काढून पाहिली. त्यात जोसेफ बॅरन नावाचा, अमेरिकेतल्या जॉर्जियाचा, ३५ वर्षांचा खलाशी सापडला. सहीच्या जागी फुली. जहाज फ्रान्सच्या डंकर्क बंदराला पोहोचायला तीनेक आठवडे उरले असताना तो वारला होता. लेखकाची चरित्रं कपाटभर आहेत, बॅरनच्या वाट्याला यादीतली ओळ आली. पण ती ओळ होती म्हणून तो खरा माणूस होता हे कळलं.

या याद्या राहिल्या कशा, तेही ऐकण्यासारखं आहे. त्या इतक्या साठल्या की ठेवायला जागा पुरेना. १८६१ नंतरच्या ढिगाची वाटणी झाली. दहावा हिस्सा लंडनजवळ क्यूच्या सरकारी दफ्तरात राहिला. ज्या वर्षांच्या शेवटी ५ येतो, म्हणजे १८६५, १८७५ अशा वर्षांच्या उरलेल्या याद्या ग्रीनिचच्या समुद्र-संग्रहालयानं घेतल्या. बाकीच्यांतल्या बहुतेक नष्टच व्हायच्या होत्या. त्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या विद्यापीठानं मागून नेल्या. आपल्याकडे भाऊ वेगळे निघाले की भांडीकुंडी वाटतात, तसा प्रकार. त्यामुळे एका माणसाचं १८९४ एका देशात आणि १८९५ दुसऱ्या देशात असतं.

आमच्या नशिबानं १९१५ च्या शेवटी ५ येतो. त्या वर्षाच्या ३९ हजारांहून अधिक याद्या स्वयंसेवकांनी वाचून, नावं उतरवून, कोणालाही फुकट पाहता येतील अशा केल्या आहेत. आणि १९१५ म्हणजे ऐन लढाईचं वर्ष.

पण थांबा. आपल्या माणसांची गोष्ट गोऱ्या खलाशांसारखी सरळ नव्हती.

हिंदी खलाशांना इंग्रज लोक 'लस्कर' म्हणत. त्यांचे करार वेगळे, कागद वेगळे. पगार गोऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. राहायची जागासुद्धा कायद्यानं वेगळी. १९०६ पासून गोऱ्या खलाशाला १२० घनफूट जागा ठरली, लस्कराला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे किती, ते मी घरी टेपनं मोजून पाहिलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. आपली धानाची कोठी याहून मोठी असते. त्यात माणूस सहा-सहा महिने राहायचा.

कामांची नावं मात्र आपलीच. वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल. सुकाणू धरणारा सुकाणी. सामानाच्या कोठीवर कसाब. खाली भट्टीत कोळसा घालणारा आगवाला. झाडलोटीला टोपास. आणि आपल्या लोकांचा स्वयंपाक करणारा भंडारी. भंडाऱ्यात राहून हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. साहेबांच्या जेवणघरात बहुतेक गोव्याची माणसं. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला त्यांच्या गावागावांच्या खोल्या असत. त्यांना 'कूड' म्हणत. जहाज मिळेपर्यंत माणूस आपल्या गावच्या कुडात पेटी ठेवून राहायचा. आमच्या रत्नागिरीकडचेही असेच गाववाल्यांच्या खोलीत दिवस काढायचे.

जहाज मिळणं सोपं नव्हतं. मध्ये दलाल होता, घाटसारंग. तो उधार द्यायचा, खोली द्यायचा, आणि मग पगारातून कापून घ्यायचा. कामगारांच्या हालांची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या आयोगानं १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर लिहिलं आहे. वीटभट्टीवर किंवा मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेल्या बायांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मुकादमच की!" हो, मुकादमच.

आता यादीतली नावं. इंग्रज कारकून कानाला लागेल तसं लिहायचा. आडनाव बहुधा नाहीच. नुसतं रामा बाळा, नाहीतर बाळा रामा. बापाचं नाव कुठे संपतं नि मुलाचं कुठे सुरू होतं, कळत नाही. गाव विचारलं तर कधी 'रत्नागिरी', कधी नुसतं 'मुंबई'. वय तर अंदाजपंचेच. भाच्यानं आजोबांचं नाव पाच-सहा तऱ्हेनं लिहून पाहिलं, तेव्हा तीन माणसं निघाली.

एकाचं वय ४५. तो गेला बाजूला. दुसऱ्याचं वय २२, गाव मुंबई, काम वर डेकवरचं. तिसऱ्याचं वय १९, गाव रत्नागिरी, काम भंडाऱ्याच्या हाताखालचा. म्हणजे स्वयंपाक्याचा मदतनीस.

काका असते तर त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं असतं. डेकवरचा माणूस चढत चढत सारंग होतो. स्वयंपाक्याचा हाताखालचा? छे! मुलांना तो बाप नको होता. खरं सांगायचं तर माझंही मन आधी दुसऱ्याकडेच गेलं.

मग मला आजीचं एक बोलणं आठवलं. लहानपणी मी चुलीपाशी बसायचे, तेव्हा ती तांदूळ मापानं घ्यायची. एकदा म्हणाली, "तुझा आजा घरी असला की मला चुलीशी बसू द्यायचा नाही. तांदूळ मोजायचा नाही, नुसत्या हातानं घालायचा. आणि पाच माणसांच्या घरात पंधरा माणसांचा भात व्हायचा. हात चाळिसांचा होता ना त्याचा!" आणि ती खूप हसली होती. चाळिसांचा हात म्हणजे काय, मला तेव्हा कळलं नव्हतं. तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्यानं तिला सांगितलं असणार, आणि मुलांना नसणार सांगितलं.

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, "एकोणीस वर्षांचा पोरगा आपला."

आता एवढ्यावर न्यायालयात निकाल लागणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून आम्ही आणखी ताडून पाहिलं. आजी सांगायची की तिचं लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची आणि तो वीस-एकवीसचा, आणि लग्नानंतर पहिल्या होळीला तो घरी नव्हता. लग्न कधीचं? तर तिच्या भाषेत, "मोठ्या तापाच्या साथीच्या आदल्या साली." ती साथ १९१८ ची. म्हणजे लग्न १९१७ च्या सुमाराचं, आणि १९१५ ला नवरा अठरा-एकोणीसचा. बसलं गणित! बावीस वर्षांचा तो दुसरा माणूस या हिशेबात बसत नाही.

मैत्रिणींनो, मला यात काय दिसलं ते सांगते. यादीत जहाज होतं, घर नव्हतं. आजीजवळ घर होतं, जहाजाचं नाव नव्हतं. कारकुनाच्या ओळीला ती तीन माणसांतून एक निवडता येईना, आणि आजीच्या बोलण्याला कोणी पुरावा मानलं नसतं. दोन्ही एकत्र ठेवल्यावर माणूस ओळखू आला. आणि आजीला कधी कोणी विचारलंच नव्हतं. घरातल्या कर्त्या पुरुषांनी बाबांची गोष्ट आपसांत ठरवून टाकली होती.

त्या पोराच्या 'मागचं जहाज' या रकान्यात एक नाव आहे. म्हणजे १९१५ च्या आधीही त्याची एक सफर झालेली आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी! ती यादी बहुधा त्या न्यूफाउंडलंडच्या गठ्ठ्यात असेल, नाहीतर लस्करांचे कागद म्हणून कुठेच ठेवली नसेल. भाच्यानं चौकशीचं पत्र टाकलंय. धागा सध्या तिथे थांबलाय.

त्याच १९१५ सालच्या डिसेंबरची ३० तारीख. 'पर्शिया' नावाचं मोठं प्रवासी जहाज विलायतेहून हिंदुस्थानला यायला निघालं होतं. क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीनं ते बुडवलं. ३४३ माणसं गेली. त्यांत आपल्याकडचे खलाशीही होते. या जहाजाची गोष्ट सांगताना लोक एका महाराजांच्या बुडालेल्या जडजवाहिराबद्दल बोलतात. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. कोळसा घालणाऱ्याच्या घरी तार कधी पोहोचली असेल? तिच्यावरचं नाव घरच्यांना ओळखू आलं असेल का?

पहिल्या लढाईत समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावं मुंबईच्या स्मारकात आहेत. मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात ते उभारलं होतं. दुसऱ्या लढाईत तर आपले सहा हजारांहून अधिक व्यापारी खलाशी गेले. ते सैनिक नव्हते, नोकरीवर होते. आपल्या ढिवर भगिनींना, ज्यांची माणसं डोंगा घेऊन पहाटे पाण्यावर जातात, त्यांना दार उघडं ठेवून वाट पाहणं काय असतं, ते मी सांगायला नको.

आता हे सगळं जुनं झालं, आम्हाला काय त्याचं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर माझ्या माहेरच्या शेजारच्या काकूंची गोष्ट ऐका.

काकूंचा नवरा १९६० नंतर जहाजावर लागला. घरी यायचा तेव्हा बोटीतून उतरून होडीनं खाडीतून वर यायचा. एकदा सुट्टीवर आला आणि तापानं घरीच गेला. दिवस झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याचे कपडे, बूट आणि त्यांच्याबरोबर नळीही खाडीत सोडली. म्हणाले, त्याच्या वस्तू घरात नकोत. काकूंना कोणी विचारलं नाही. त्या तेव्हा पंचवीस-सव्वीसच्या असतील, पदरात दोन मुलं.

पुढे चारेक वर्षांनी कोणीतरी सांगितलं की खलाशांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९६६ साली झालाय, तुझ्या नवऱ्याच्या नावावर पैसे असतील, बायकोला मिळतात. काकू भावाला घेऊन मुंबईला गेल्या. कचेरीत विचारलं, "नळीचा नंबर?" नाही. "जहाजांची नावं?" काकू निरक्षर. साहेब म्हणाला, मग आम्ही शोधायचं कसं? त्याचंही खोटं नव्हतं. पण तो ज्या आवाजात म्हणाला ते काकू अजून विसरलेल्या नाहीत.

परत आल्या आणि रात्रभर रडल्या. सकाळी उठून त्यांनी फडताळ उघडलं. नवऱ्याची पत्रं आली की ती मास्तरांकडून वाचून घ्यायची, आणि पाकिटं फेकायची नाहीत, हा त्यांचा नेम. पाकिटावरची परदेशी तिकिटं मुलाला खेळायला लागत, म्हणून ठेवलेली. प्रत्येक पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव आणि जहाजाचं नाव! पाच पाकिटं, तीन जहाजं. शिवाय भिंतीवर जहाजाचं चित्र असलेली कंपनीची दोन कॅलेंडरं.

मास्तरांनी तारखांप्रमाणे पाकिटं लावून दिली. त्या जहाजांच्या याद्यांतून नाव निघालं, नावावरून नंबर निघाला. अडीच वर्षं फेऱ्या झाल्या. मिळालेले पैसे काही डोंगराएवढे नव्हते. घराची कौलं बदलली आणि मुलाची शाळा सुटली नाही. काकू म्हणायच्या, "तिकिटांसाठी ठेवली गं पाकिटं. कागद म्हणून नाही ठेवली." तरी मी म्हणते, ठेवली कोणी? काकूंनीच.

आता आपल्या कारध्याचं. २०२० च्या टाळेबंदीत इकडची माणसं बाहेरगावी अडकली ते सगळ्यांना आठवतं. कोण हैदराबादला, कोण पुण्याला, कोण मिरचीच्या शेतावर. आमच्या बचत गटानं यादी करायला घेतली तर पहिल्याच दिवशी अडलं. सासू म्हणे, "तिकडे कुठेतरी बांधकामावर आहे." बायको म्हणे, "ठेकेदाराचा फोन लागत नाही." ठेकेदाराचं पूर्ण नाव? "सगळे त्याला भाऊ म्हणतात." काही घरांत तर माणूस कोणत्या जिल्ह्यात आहे तेही माहीत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी जहाजावर गेलेला माणूस निदान एका ओळीत होता.

त्यानंतर आजोबांची यादी समोर ठेवून आम्ही एक वही आखली. साधी, शंभर पानी. बाहेर कामाला जाणाऱ्या प्रत्येक बाईची आणि पुरुषाची एक ओळ. नाव, वय, कोणाबरोबर गेले, ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि फोन, कामाची जागा, काय मजुरी ठरली, उचल किती घेतली, निघाल्याची तारीख, परत आल्याची तारीख. आणि शेवटचा रकाना माझ्या हट्टापायी ठेवला, मागचं काम कुठे? बायांनी आधी नाक मुरडलं. म्हणाल्या, मॅडमना कोकण सुटत नाही. पण गेल्या हंगामात एका ठेकेदारानं मजुरी बुडवली, तेव्हा त्याच रकान्यातून कळलं की आदल्या वर्षी आमच्या दोन बाया त्याच्याकडेच होत्या, आणि त्याच्या घरचा पत्ता त्यांना ठाऊक होता. आता तो रकाना कोणी रिकामा ठेवत नाही.

एका गोष्टीवरून मात्र वाद झाला. आमच्यातली एक म्हणाली, घरातल्या माणसाची मजुरी वहीत लिहिली तर नवरा रागावेल. खरं आहे. जहाजावरच्या माणसाला पगारातला काही भाग घरी मिळावा म्हणून चिठ्ठी लिहून देता यायची. त्या चिठ्ठीवर बायकोचं नाव आणि नेमकी रक्कम असे. किती घरांत ती दिली गेली आणि किती घरांत दलालाच्या खिशात गेली, देव जाणे. पण आजीला दर महिन्याला पोस्टमन पैसे द्यायचा आणि ती अंगठा द्यायची, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. शेवटी गटात ठरलं की मजुरीचा आकडा ज्या बाईला लिहायचा असेल तिनं लिहावा. बऱ्याच जणींनी लिहिला.

तर आज माझं एवढंच मागणं आहे. पाऊस तोंडावर आलाय. घरातली पेटी उघडा. सासऱ्यांची मिलमधली पावती, आजेसासऱ्यांचा रेल्वेतला बिल्ला, कोणाचं जुनं रेशनकार्ड, जमिनीचा फाटका कागद, शिक्का असलेलं जुनं पाकीट, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. ओलं झालेलं उन्हात घालू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा कागद घालून वाळवा. मी ही चूक केलीय, म्हणून सांगते. आणि घरात सत्तरीपुढची बाई असेल तर तिच्याजवळ बसून विचारा, आजोबा कोणत्या साली कुठे होते? साल सांगता येणार नाही तिला. ती सांगेल, "तुझी आत्या पाळण्यात होती," किंवा "त्या साली धान बुडालं होतं." तेवढं बास. तेच लिहा. साल मागाहून काढता येतं.

आमची नळी आता माळ्यावर आहे, पुराच्या रेघेच्या बरीच वर. न्यूफाउंडलंडचं उत्तर आलं तर पुन्हा येऊन सांगेन.